खाणीचं तोंड

मंत्री होण्याआधी बाई खाणीवर दिवे वाटायच्या. पाळी सुरू व्हायच्या आधी कामगार दिवेघराच्या खिडकीशी रांग लावायचे, आपापला पितळी बिल्ला आत सरकवायचे आणि बाई त्या नंबरचा टोपीवरचा दिवा बाहेर द्यायच्या. पाळी सुटली की उलटं; दिवा आत, बिल्ला बाहेर. खिळ्यावर बिल्ला उरला तर तो माणूस अजून जमिनीखाली आहे असं समजायचं. या कामाला अक्कल फार लागत नाही, पण नजर लागते आणि तोंड लागतं. झोपेतून उठून आलेला माणूस कोणाशी तरी वाद घातल्याशिवाय पुरता जागा होत नाही. बाईंचं तोंड त्या खिडकीवर चांगलं तयार झालं.

शेजारच्या खिडकीवर त्यांची मैत्रीण असायची. अंगाने किडकिडीत, आवाजाने बारीक आणि काम दिव्यांचं, म्हणून अख्खी वसाहत तिला चिमणी म्हणायची. चिमणीचा नवरा खाली पंपांवर होता. दोघांचं लग्न बाईंनीच जमवलेलं. "दिवा घेताना त्याचा हात जरा जास्त वेळ खिडकीत राहतो," हे चिमणीच्या आधी बाईंच्या लक्षात आलं होतं.

बाईंचे वडील खाणीतच आयुष्यभर राबले. म्हातारपणी त्यांना श्वास पुरेनासा झाला. कंपनीचा डॉक्टर दमा म्हणाला. वसाहतीतल्या प्रत्येक म्हाताऱ्याला तो दमाच म्हणत असे, कारण दम्याची भरपाई द्यावी लागत नाही. वडील गेले त्या आठवड्यात बाई फाटकासमोर एका उलट्या डब्यावर उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "माझा बाप खाणीत गेला नाही, खाण माझ्या बापाच्या छातीत गेली." एवढंच. पण ते वाक्य पाळीपाळीतून फिरलं. संप झाला, युनियनने बाईंना पुढे केलं, आणि दोन वर्षांनी त्या निवडणुकीला उभ्या राहिल्या. समोरचा उमेदवार सभेत म्हणाला, "ही काय दिवे लावणार?" बाईंनी दुसऱ्या दिवशी त्याच मैदानात उत्तर दिलं, "तुमच्या बापजाद्यांच्या अंधारात आजवर मीच लावलेत." त्या निवडून आल्या.

दुसऱ्यांदा निवडून आल्या तेव्हा मुख्यमंत्र्यांना मंत्रिमंडळात एक बाई हवी होती आणि एक कामगार हवा होता. एका दगडात दोन पक्षी मारून त्यांनी बाईंना खाण आणि कामगार खातं दिलं. ते खातं म्हणजे सावत्र लेकराचं अंथरूण. कोणाला नकोच असायचं. बाईंनी मात्र ते मनावर घेतलं. छातीत धूळ बसलेल्या माणसाला धुळीचा आजार झालाय, दमा नाही, असं म्हणणारा कायदा त्यांनी पास करून घेतला. दर वर्षी छातीचा फोटो सक्तीचा केला. मोठ्या खाणीवर बचाव पथक असलंच पाहिजे असा नियम केला. आपल्या वसाहतीतल्या पथकाचा प्रमुख बाईंचा धाकटा भाऊ झाला तेव्हा सभागृहात विरोधकांनी घराणेशाही म्हणून ओरडा केला. बाई म्हणाल्या, "जळत्या खाणीत उतरायची नोकरी आहे. ज्याला आपल्या भावासाठी हवी असेल त्याने आत्ता हात वर करावा." एकही हात वर आला नाही.

बाईंचे यजमान वसाहतीच्या शाळेत शिकवत. सगळे त्यांना मास्तर म्हणत. ते राजधानीच्या बंगल्यात राहायला गेले नाहीत. "एका घरात एक मंत्री पुरे," ते म्हणत. बाई सुट्टीच्या दिवशी वसाहतीत यायच्या. आई धाकट्याकडे राहायची, दोन गल्ल्या पलीकडे. जेवण तिथेच व्हायचं. धाकटा बहिणीची टर उडवायचा, "ताई, तुझ्या गाडीपुढे ती शिट्टी वाजवणारी गाडी असते ना, ती आमच्या गल्लीत बंद ठेवत जा. पोरं समजतात आग लागली."

आणि मग आग खरंच लागली.

सकाळच्या पाळीत, कोळसा वाहून नेणाऱ्या खालच्या पट्ट्याजवळ. बाई तेव्हा बैठकीत होत्या. सचिवांनी कानाशी येऊन सांगितलं, तशा त्या उठून गाडीत बसल्या. पोचल्या तेव्हा दुपार झाली होती. फाटकाजवळ गर्दी होती, पण आवाज नव्हता. खाणीच्या तोंडातून धूर येत होता; काळा नव्हे, पिवळट, जड. बरीच माणसं वर आली होती. बचाव पथक एकदा खाली जाऊन आणखी चौघांना घेऊन आलं होतं. नऊ जण अजून खाली होते.

व्यवस्थापकाच्या खोलीत टेबलावर खाणीचा नकाशा पसरलेला होता आणि त्याच्या कोपऱ्यांवर चहाचे कप ठेवलेले होते. व्यवस्थापक फोनवर मालकांशी बोलत होता. खाण निरीक्षक नकाशावर वाकलेला होता; निवृत्तीला आलेला, बारीक अंगाचा, तोलून बोलणारा माणूस. धाकटा दाराशी उभा होता. तोंड काजळलेलं, पाठीवर प्राणवायूचं नळकांडं तसंच.

"खालच्या टोकाच्या गल्लीत आहेत," तो बाईंना म्हणाला. "जिवंत आहेत. पाण्याच्या पाइपवर ठोकतायत. मी कान लावून ऐकलं."

"पाइप तापला की वाजतो," निरीक्षक म्हणाला.

"साहेब, तापलेला पाइप कसा वाजतो ते मला ठाऊक आहे. हे थांबून थांबून ठोकत होते. माणूस ठोकतो तसं."

"असेलही. मी नाही म्हणत नाही." निरीक्षक बाईंकडे वळला. "मॅडम, खालच्या हवेत वायू वाढत चाललाय. आम्ही नळीने हवा वर ओढून तपासतोय. एका मर्यादेनंतर ती हवा पेटते आणि सगळं उडतं. आग तर आतच आहे. खाणीची दोन्ही तोंडं आत्ता बंद केली, हवा तोडली, तर आग गुदमरेल. आत्ता पथक पाठवलं तर नऊचे पंधरा होतील."

"किती वेळ आहे?"

"तासभर असेल. पाच मिनिटं असतील. माझ्याकडे आकडा आहे, घड्याळ नाही."

"जाऊन यायला तुला किती लागेल?" बाईंनी भावाला विचारलं.

"वाट मोकळी असेल तर तासाच्या आत येतो."

"आणि नसेल तर?"

धाकट्याने नळकांड्याचा पट्टा सरळ केला.

कायद्याने हा निर्णय निरीक्षकाचा. पण नऊ माणसं आत असताना खाण बंद करायची तर निरीक्षकालाही पाठीमागे कोणीतरी हवं होतं. व्यवस्थापकाने फोनवर हात ठेवून सांगून टाकलं की कंपनी सरकार म्हणेल तसं करेल. हात झटकायला सगळे तयार होते. सरकार म्हणजे त्या खोलीत बाई होत्या.

बाई खिडकीशी गेल्या. बाहेर भिंतीला टेकून पथकातले पाच जण बसले होते. बाई सगळ्यांना ओळखत होत्या. एक जण बुटाची नाडी सोडून पुन्हा बांधत होता. दुसरा आपला मुखवटा पुसत होता, पुसून झालेला पुन्हा पुसत होता. त्यांना कोणी विचारलं असतं तर ते उठून गेले असते, आणि धाकटा त्यांच्या पुढे गेला असता.

"कोणी खाली जाणार नाही," बाई म्हणाल्या. "तोंड बंद करा."

धाकट्याने पाठीवरचं नळकांडं सोडवलं आणि जमिनीवर ठेवलं. मग तो सरळ त्यांच्याकडे बघून म्हणाला, "हे मंत्री बोलतायत की ताई बोलतेय?"

बाई दाराकडे निघाल्या. निरीक्षक नकाशाकडे बघत राहिला.

बाहेर दोरी बांधली होती आणि दोरीपलीकडे नऊ घरची माणसं उभी होती. चिमणी सर्वांत पुढे होती, दिवेघराचा निळा डगला घातलेली. ती कामावरून तशीच आली होती. तिच्या नवऱ्याचा बिल्ला तिच्याच खिडकीतल्या खिळ्यावर होता.

"काय ठरलं?" तिने विचारलं.

"चिमणे, खाली कोणी जिवंत राहू शकत नाही गं."

"राहू शकत नाही, की राहिलं नाही?"

"राहिलं नाही," त्या म्हणाल्या.

चिमणी खाली बसली. रडली नाही. दोरीला धरून बसली, आणि तिच्या वजनाने दोरी वाकली तेव्हा पोलिसाने ती सैल सोडली.

लोखंडी पत्रे आले, वाळूची पोती आली, ओल्या मातीचे ट्रक आले. माणसं भराभर काम करत होती आणि एकमेकांकडे बघत नव्हती. संध्याकाळच्या सुमाराला, शेवटची पोती रचून झाल्यावर थोड्या वेळाने, जमीन हलली. एकदाच. पायाखालून मोठं जनावर कुशीवर वळावं तशी. दिवेघराच्या काचा फुटल्या. निरीक्षकाने चष्मा काढला आणि रुमालाने डोळे पुसले. तो बरोबर ठरला होता. पथक खाली असतं तर एकही वर आला नसता.

धाकटा मात्र म्हणाला, "जाऊन यायला वेळ होता." नंतर चौकशी समितीसमोरही तो तेच म्हणाला. निरीक्षक म्हणाला, नव्हता. समितीने निरीक्षकाचं मानलं.

वर्तमानपत्रांनी बाईंना डोक्यावर घेतलं. काळजावर दगड ठेवून घेतलेला निर्णय, असं सगळीकडे छापून आलं. मुख्यमंत्री फोनवर म्हणाले, "बाई, तुम्ही सरकारची लाज राखली." वसाहतीत मात्र वेगळं बोललं जायचं, आणि बाईंच्या तोंडावर कोणी बोलत नसलं तरी त्यांच्या कानापर्यंत पोचायचं: सख्ख्या भावाला राखलं आणि दुसऱ्यांचे नवरे गाडले. धाकट्याच्या घरी आता त्या गेल्या की तो मागच्या दाराने बाहेर पडायचा. वहिनी ताट वाढायची, पण बसायची नाही. आईने एकदा त्यांना मोरीपाशी गाठून हळूच सांगितलं, "तू माझं लेकरू मला परत दिलंस. मी तुझे पाय धरीन. पण त्याच्यादेखत नाही धरणार."

बाईंनी मास्तरांना विचारलं, "तो तिथे नसता, पथकावर दुसरा कोणी असता, तर मी काय म्हटलं असतं?"

मास्तर वह्या तपासत होते. त्यांनी हातातली वही मिटली. "ज्याचं उत्तर कोणालाच मिळणार नाही असा प्रश्न मी परीक्षेत घालत नाही," ते म्हणाले. "तूही स्वतःला घालू नकोस."

पण बाई घालतच राहिल्या. सभागृहात उत्तर देताना, उद्घाटनाची फीत कापताना, गाडीत. कधी वाटायचं, भाऊ नसता तरी हेच केलं असतं. कधी वाटायचं, भाऊ नसता तर एकदा तरी प्रयत्न करून बघा म्हटलं असतं.

आग पुरती थंड व्हायला बरेच महिने गेले. खाणीचं तोंड उघडायचं ठरलं तेव्हा बाई म्हणाल्या की मी स्वतः खाली जाणार. सचिवांनी नको म्हटलं, मुख्यमंत्र्यांनी नको म्हटलं. बाई गेल्या. धाकट्याचं पथक पुढे होतं. त्याने बहिणीचा मुखवटा स्वतःच्या हाताने घट्ट केला, पट्टे तपासले, ओढून बघितले आणि वळून पुढे झाला.

टोकाच्या गल्लीशी ते पोचले तेव्हा समोर भिंत दिसली. खाणीत कोणी बांधलेली नव्हती ती. दगड एकावर एक रचलेले आणि फटींमध्ये कपडे कोंबलेले: डगले, सदरे, एक गळपट्टा. धूर आत येऊ नये म्हणून हातांनी रचलेली भिंत होती ती. ज्याने ती रचली त्याला वेळ मिळाला होता, आणि घाई असूनही काम नीट करायची बुद्धी राहिली होती.

भिंतीपलीकडे नऊ जण होते; कोंडलेल्या कोरड्या हवेत देह टिकून राहिले होते. स्फोट त्यांच्यापर्यंत पोचलाच नव्हता. ते एका रांगेत बसलेले होते, अंगाला अंग लावून. पाण्याच्या बाटल्या मधोमध गोळा केल्या होत्या आणि सगळ्या रिकाम्या होत्या. भिंतीजवळ पाण्याचा पाइप होता. त्याचा एका जागचा रंग पार उडाला होता आणि खाली पाना पडला होता.

धाकट्याने दिव्याचा झोत त्या जागेवर धरला आणि धरूनच ठेवला. बाईंना हवं होतं की त्याने काहीतरी बोलावं, ओरडावं.

वर आल्यावर डॉक्टरने बाईंना बाजूला घेतलं. "एक दिवस तरी," तो म्हणाला. "कदाचित जास्त. शेवटी हवा संपली असेल. शेवट झोपेसारखा आला असेल. पण त्याच्या आधीचा वेळ..." त्याने हात पसरले.

मुख्यमंत्र्यांचा फोन आलाच होता. "मृत्यू तत्काळ झाला," ते म्हणाले. "डॉक्टरशी बोलणं झालंय, पथकाशी तुम्ही बोला. बाई, याच्यात राजकारण बघू नका. त्या बायकांचा विचार करा. त्यांना खरं सांगून तुम्ही त्यांना काय देणार आहात?"

बाईंना त्याचा राग यायला हवा होता. पण ते म्हणत होते ते खोटं नव्हतं, ही पंचाईत होती. ज्या गोष्टीने बाईंची खुर्ची वाचणार होती, त्याच गोष्टीने नऊ घरांची झोपही वाचणार होती, आणि यातल्या कशासाठी आपण खोटं सांगणार हे वेगळं करायला त्यांच्याकडे चाळणी नव्हती.

वसाहतीच्या सभागृहात सगळ्यांना बोलावलं. लोखंडी खुर्च्या, छताचा पंखा, भिंतीवर जुन्या नाटकाचा फाटका पडदा. बाई उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या की आगीच्या पहिल्या काही मिनिटांतच सगळं संपलं होतं. त्रास झाला नाही. कळलंही नसेल.

चिमणी उठली. तिने बाईंकडे बघितलंच नाही. दाराशी पथकाची माणसं उभी होती, त्यांच्यात धाकट्याला शोधून ती म्हणाली, "भावजी, तुम्ही सगळ्यांच्या आधी आत गेलात. तुम्ही सांगा."

धाकटा म्हणाला, "ताई सांगते तेच."

मग तो बाहेर गेला. त्याच आठवड्यात त्याने पथक सोडलं आणि जमिनीवरच्या कारखान्यात पंप दुरुस्तीचं काम घेतलं. पथकातले बाकीचे पाचही गप्प राहिले. त्यांना कोणी दम दिला नव्हता. त्यांनी त्या बायकांची तोंडं बघितली होती.

पुढच्या फेरबदलात बाईंना महसूल खातं मिळालं. आता त्यांच्या दाराशी रांगा लागायला लागल्या. आणि चिमणी बदलली. ती बंगल्यावर आली, पहिल्यांदाच, कपड्यांची एक पिशवी घेऊन, दोन दिवस राहिली. "तू सांगितलंस म्हणून मी झोपते," ती म्हणाली. "नाहीतर डोळे मिटले की मला वाटायचं तो हाका मारतोय. आता नाही वाटत. तू नसतीस तर मी वेडी झाले असते." बाईंनी तिला थोपटलं. ती झोपली की बाई उठून दुसऱ्या खोलीत जाऊन बसायच्या.

निवडणूक आली. पक्षाच्या माणसांना वसाहतीतली कुजबुज ठाऊक होती, आणि तिच्यावर औषधही त्यांनी शोधून काढलं. ते चिमणीकडे गेले. चिमणी आनंदाने तयार झाली. ती बाईंसाठी काहीही करायला तयार होती. पहिल्याच सभेत ती मंचावर उभी राहिली, तिच्या त्या बारीक आवाजात, आणि म्हणाली, "माझा नवरा त्या खाणीत गेला. तो त्याच क्षणी गेला होता. बाईंनी सहा जणांचे जीव वाचवले. बाईंना नावं ठेवणाऱ्यांनी आधी माझ्याशी बोलावं." मैदान टाळ्यांनी भरून गेलं. माणसं रडत होती. पक्षाने ठरवलं, प्रत्येक सभेत चिमणी बोलेल.

दुसऱ्या दिवशी सकाळी धाकटा आला. बाई मास्तरांच्या घरी होत्या. तो उंबऱ्याच्या आत आला नाही.

"मी गप्प बसलो ते तिच्यासाठी," तो म्हणाला. "तुझ्या सभेसाठी नाही."

"मी तिला बोलायला सांगितलं नव्हतं."

"तू थांबव म्हणूनही सांगितलं नाहीस." "ताई, तू मला खाली जाऊ दिलं नाहीस, ते मी एखाद्या दिवशी विसरलोही असतो. हे नाही विसरणार."

तो गेल्यावरही बाई दारातच उभ्या होत्या. मास्तर आतून म्हणाले, "पाणी देऊ?" त्यांनी नको म्हटलं. मग चपला घालून, ड्रायव्हरला हाताने थांब म्हणून, त्या पायी चिमणीच्या खोलीवर गेल्या.

चिमणी सभेसाठी साडीला इस्त्री करत होती. बाईंनी तिला इस्त्री बंद करायला लावली, समोर बसवलं आणि सगळं सांगितलं. भिंत, पाइप, पाना, बाटल्या, डॉक्टर. बोलताना त्या एकदाही थांबल्या नाहीत, कारण थांबल्या असत्या तर पुन्हा सुरुवात झाली नसती.

चिमणीने ऐकून घेतलं. शेवटी ती म्हणाली, "हे मला आत्ता का सांगितलंस?"

"तू माझ्यासाठी लोकांसमोर खोटं बोलतेयस. तुला ठाऊक नसताना. ते मला सहन झालं नाही."

"तुला सहन झालं नाही," चिमणी म्हणाली. "म्हणजे हेही तुझ्यासाठीच." तिने इस्त्रीला हात लावून बघितला, ती अजून गरम होती. "दोरीपाशी मी तुला विचारलं होतं. तेव्हा तू खरं बोलली असतीस तर मी भांडले असते, दगड मारले असते, पत्रे उपटले असते. तेव्हा तो होता. तेव्हा तू माझ्यापासून तो नेलास. मग मला झोप दिलीस, आता तीही नेलीस. जा तू."

बाई उठल्या. जिन्याच्या कठड्याला धरून खाली उतरल्या.

चिमणी सभेला गेली नाही. ती बाकीच्या आठ घरी गेली. दोन दिवसांत वसाहतीला कळलं, चौथ्या दिवशी राज्याला. पथकातल्या एकाने वर्तमानपत्राला पाइपबद्दल सांगितलं. मुख्यमंत्र्यांनी पत्रकारांना सांगितलं की मृत्यू तत्काळ झाला ही माहिती बाईंच्याच तेव्हाच्या खात्याकडून आपल्याला मिळाली होती आणि आपलीही फसवणूक झाली. बाईंनी ते दूरदर्शनवर ऐकलं. त्यांनी राजीनामा दिला. दिला नसता तर मागितला गेलाच असता. मुख्यमंत्र्यांच्या फोनबद्दल त्या कुठे बोलल्या नाहीत. मास्तरांनी कारण विचारलं तेव्हा म्हणाल्या, "त्यांनी सांगितलं होतं हे खरं. पण तोंड माझं होतं." पक्षाने दुसरा उमेदवार दिला, तो पडला. छातीत धूळ बसलेल्या माणसांचा कायदा राहिला. तेवढा राहिला.

बाई वसाहतीत परतल्या. बंगला गेला, गाडी गेली, रांगा गेल्या. बाजारात त्या गेल्या की माणसं वाट मोकळी करून द्यायची, पूर्वी द्यायची त्यापेक्षा जास्त. आई अधूनमधून यायची, घटकाभर बसून जायची. एकदा कोणीतरी दारावर शेण फासलं. मास्तरांनी बादली आणून धुतलं आणि शाळेत गेले.

पावसाळा संपता संपता, एका दुपारी चिमणी आली. बाई तांदूळ निवडत होत्या. चिमणी चटईवर बसली. ती फार वाळली होती. मास्तर शाळेत होते.

"तो कुठे बसला होता?" तिने विचारलं.

बाईंना लगेच कळलं. "भिंतीपासून दुसरा. पाइपच्या जवळ."

"ठोकत कोण होता?"

"ते नाही सांगता येणार. पाना त्याच्या आणि पहिल्याच्या मध्ये पडला होता."

"तोंड कसं होतं?"

बाईंनी सांगितलं. सौम्य करून सांगितलं नाही आणि वाढवूनही सांगितलं नाही. डगला त्याच्या अंगावर नव्हता, तो भिंतीत कोंबलेला होता. शेजारच्याचा हात त्याच्या गुडघ्यावर होता. डोळे मिटलेले होते. चिमणी एकेक गोष्ट विचारत गेली आणि बाई उत्तर देत गेल्या, जे ठाऊक नव्हतं तिथे ठाऊक नाही म्हणाल्या. मधे चिमणीने पाणी मागितलं, ते प्यायली.

"आठही जणींना ऐकायचंय," ती उठताना म्हणाली. "उद्या त्यांना घेऊन येते. प्रत्येकीला तिच्या माणसाचं सांग. माफीबिफीचं काही बोलू नकोस, कोणी त्यासाठी येत नाहीये."

दुसऱ्या दिवशी त्या आल्या. खोलीत मावल्या नाहीत, दोघी स्वयंपाकघराच्या दारात बसल्या. एक तर बाईंकडे बघायलाही तयार नव्हती, भिंतीकडे तोंड करून बसली होती. बाईंनी रांगेतल्या पहिल्या माणसापासून सुरुवात केली. पाचव्यापर्यंत नीट आलं. मग सहावा आणि सातवा कोण, हे त्यांना आठवेना. त्यांनी डोळे मिटून बघितलं. नाही आठवलं. दारातल्या त्या दोघी वाट बघत होत्या, आणि बाईंना अंदाजाने सांगायचं नव्हतं.

चिमणी उठून बाहेर गेली. थोड्या वेळाने ती परतली तेव्हा तिच्यामागे धाकटा होता, कामाच्या कपड्यांत, हाताला ग्रीस. तो उंबऱ्यावर बसला, अर्धा आत अर्धा बाहेर. त्याने बहिणीकडे बघितलं नाही.

"सहावा फिटर होता," तो स्वयंपाकघराच्या दाराकडे बघून म्हणाला. "वहिनी, तुमचे यजमान त्याच्या पलीकडे. दोघं खांद्याला खांदा लावून होते. तुमच्या यजमानांनी बूट काढून शेजारी नीट ठेवले होते."

दारातल्या दोघींपैकी एक म्हणाली, "तसेच ठेवायचे. घरीसुद्धा."

"आठवा कोण?" बाईंनी विचारलं.

धाकट्याने सांगितलं. मग बाईंनी पुढचं सांगितलं.